रूप नंतर, आधी घराणं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात त्या संगम माहुलीला आपण जातो ते देवळांसाठी. दर्शन घ्यायचं, घाटावर पाय सोडून बसायचं आणि परत फिरायचं. तिथे एका कुत्र्याचीही समाधी आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कुत्र्याचं नाव खंड्या आणि त्याचे धनी छत्रपती शाहू महाराज. संभाजीराजांचे चिरंजीव, १७०८ पासून १७४९ पर्यंत साताऱ्याच्या गादीवर असलेले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची हकीगत येते. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनदा काढून जहागीर दिली, पालखीचा मान दिला. एकदा सरदार भेटीला आले असता जरीची वस्त्रं आणि दागिने कुत्र्याच्या अंगावर चढवले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि पुढे स्वतः कधी डोक्याला काही बांधलं नाही, असंही डफ सांगतो.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली. पोरं पालखीला हसायची. मला अलीकडे तिच्यात दुसरंच काही दिसतं. खंड्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं; तो कोणत्या जातीचा, ही चौकशी कुणी केलेली दिसत नाही. त्या काळी कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून असे. शिकारीचा, मेंढरांमागचा, राखणीचा, पाण्यातला. कागदावर वंशावळ लिहिलेली 'जात' ही कल्पना फार तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे. मोठा कुत्रा घरी आणताना आपली जी फसगत होते तिचं मूळ मला तिथेच सापडतं.

दर महिना-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी मला विचारतं. नवा बंगला बांधलाय, नाहीतर रो-हाउस घेतलंय, आता एक मोठा कुत्रा हवा, कोणता घेऊ? विचारतानाच मोबाइलवरचा फोटो पुढे येतो, म्हणजे चेहरा आधीच पसंत पडलेला असतो. आपल्याकडे स्थळ पाहताना घराणं विचारतात, गाव विचारतात, मुलगा करतो काय ते विचारतात. नुसता फोटो पाहून कुणी तिथी काढत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र फोटो पाहिला की तिथी काढून मोकळे! म्हणून आज मी काही मोठ्या कुत्र्यांची घराणी सांगणार आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, हे या विषयापुरतं चांगलंच आहे.

कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे १८५९ साली भरलं. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती त्यात होत्या आणि बक्षीस होतं बंदुकांचं. पॉइंटरांच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला आला आणि सेटरांच्या परीक्षकाचा पॉइंटरांत! पुढे १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, वंशावळींच्या वह्या आल्या, कान किती लांब, पाठ कशी, रंग कुठवर, याचे नियम ठरले. तोवर कुत्रा रानात जोखला जाई. आता तो मांडवात जोखला जाऊ लागला. मांडवात त्याने उभं राहायचं असतं, काम करायचं नसतं. शंभर-दीडशे वर्षं असं झालं तरी कुत्र्याच्या रक्तातलं काम काही गेलं नाही. आपल्या दिवाणखान्यात जे येतं ते ते काम घेऊनच येतं.

आपल्याकडे ज्याला अजून पुष्कळ लोक अल्सेशियन म्हणतात त्याच्यापासून सुरुवात करू. हा जर्मन धनगराचा कुत्रा. माक्स फॉन स्टेफानिट्झ नावाचा घोडदळातला एक कॅप्टन १८९९ साली कार्ल्सरूहे इथल्या प्रदर्शनात हिंडत होता. तिथे त्याला एक पिवळसर-करडा, लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा भेटला. त्याने तो विकत घेतला, त्याचं हेक्टर हे नाव बदलून होरांड ठेवलं, त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संस्था काढली आणि वहीतली पहिली नोंद होरांडची केली. स्टेफानिट्झचा हट्ट एकच होता: कुत्रा कामाचा आणि अकलेचा असला पाहिजे, देखणेपण मागाहून. जर्मनीत शेतांना कुंपणं नसत. मेंढरं रस्त्याकडेच्या गवतावर चरायची आणि पलीकडे उभं पीक. मधल्या सरीवरून हा कुत्रा दिवसभर दुडक्या चालीने येरझाऱ्या घालायचा आणि मेंढरांना पिकात शिरू द्यायचा नाही. चालतं कुंपणच म्हणा ना.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला. त्यांनी जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतावरून त्याचं नाव अल्सेशियन ठेवलं. जर्मन शेफर्ड हे नाव इंग्लंडच्या केनेल क्लबने परत स्वीकारायला १९७७ साल उजाडलं. लोकांच्या बोलण्यात मात्र आपल्याकडे ते युद्ध अजून चालू आहे. सांगायचा मुद्दा असा, की दिवसभर येरझाऱ्या घालायला जन्मलेला हा कुत्रा आपण फाटकाशी बांधतो आणि तो आल्यागेल्यावर सतत भुंकतो म्हणून तक्रार करतो. त्याला सरी हवी असते, आपण त्याला फाटक दिलेलं असतं. घरातलं एक माणूस सकाळ-संध्याकाळ तासभर त्याच्यासाठी काढणार असेल, त्याला काही शिकवणार असेल, तर याच्यासारखा सोबती नाही. ते जमणार नसेल तर हे घराणं सोडून द्यावं. शिवाय याच्या कमरेची हाडं पाहावीत. प्रदर्शनांच्या नादात उतरत्या पाठीचे कुत्रे पैदा केले गेले आणि मागच्या पायांच्या सांध्याचं दुखणं या जातीत फार आढळतं. त्यात आपल्या घरात गुळगुळीत फरशी. वाढत्या वयाचं पिल्लू तिच्यावर रोज घसरतं, आणि त्यावर उपाय म्हणून घरचे मनानेच कॅल्शियमची पावडर देत सुटतात, जी मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त झाली तर अपायच करते.

डॉबरमनचं घराणं तर एकाच माणसाचं. जर्मनीतल्या आपोल्डा गावचा कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन हा करवसुली करायचा, शिवाय भटके कुत्रे धरण्याचं कामही त्याच्याकडे होतं. करवसुलीला निघालेल्या माणसाचं स्वागत कुठल्याच देशात होत नाही. सोबतीला एक असा कुत्रा हवा, की जो पायाशी चालेल, कुणाला लगट करू देणार नाही आणि नुसता दिसला तरी लोक थैली काढतील. कुत्र्यांची त्याच्याकडे वाण नव्हतीच. कोणकोणत्या कुत्र्यांचा संकर केला, याची नोंद त्याने ठेवली नाही. १८९४ साली तो वारला, आणि त्याचं आडनाव कुत्र्याला चिकटलं. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ साली सुरू झालं ते तीन डॉबरमन घेऊनच. हा एका माणसाची सावली होणारा कुत्रा आहे. आखूड केसांचा, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात इतरांपेक्षा बरा टिकतो, थंडीत कुडकुडतो. पण आपल्याकडे बंगल्यांतून एक रिवाज आहे, दिवसभर मागच्या पडवीत बांधायचा आणि रात्री मोकळा सोडायचा. ज्याचा जन्मच धन्याच्या पायाशी चालण्यासाठी, त्याला माणसापासून तोडून राखणीला लावायचं, आणि मग तो चावरा निघाला म्हणायचं! त्याच्या चावरेपणाचा अर्धा दोष तरी त्या साखळीचा असतो, असं माझं मत आहे.

ग्रेट डेन नावाने डेन्मार्कचा, पण त्याचा डेन्मार्कशी काही संबंध नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँने अठराव्या शतकात त्याला 'मोठा डेन' म्हटलं आणि इंग्रजांनी ते उचललं. हा जर्मन सरदारांचा रानडुकरं अडवणारा कुत्रा. त्यातले निवडक कुत्रे सरदाराच्या शेजघरात झोपत, रात्री मारेकरी आला तर म्हणून. बिस्मार्ककडे हे कुत्रे असत. १८७८ च्या बर्लिन परिषदेच्या वेळी त्याचा टायरास हा कुत्रा रशियाचे वयोवृद्ध चॅन्सलर गोर्चाकोव्ह यांच्या अंगावर गेला, अशी कथा आहे. युरोपची वाटणी चाललेली आणि मध्येच हा प्रकार!

आता शेजघरात झोपणाऱ्या कुत्र्याला आपण अंगणातल्या पत्र्याच्या खोपट्यात ठेवतो. वास्तविक इतका मोठा असून हा घरातला, सोफ्याजवळचा कुत्रा आहे. धावाधाव कमी, मायेची भूक मोठी. त्याची खरी अडचण वेगळीच आहे, आणि विकणारा ती सांगत नाही. त्याचं वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जातं, म्हणजे औषधाची मात्रा, खाणं, दवाखान्यात उचलून नेणं, सगळं माणसाएवढं. पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका या खोल छातीच्या कुत्र्यांत मोठा असतो, आणि तसं झालं तर हाताशी फक्त काही तास असतात. तुमच्या गावात रात्री दोन वाजता पोटाचं ऑपरेशन करणारा जनावरांचा डॉक्टर आहे का, हा प्रश्न कुत्रा आणण्याआधी विचारायचा असतो. शिवाय आयुष्य आठ-नऊ वर्षांचं. पहिलीतल्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेला ग्रेट डेन त्या मुलाच्या दहावीच्या सुमारास जातो. हेही घराण्यातच आलं.

सेंट बर्नार्डविषयी मी जरा कडक बोलणार आहे. आल्प्सच्या साधारण अडीच हजार मीटर उंचीवरच्या खिंडीत एक मठ आहे. तिथल्या संन्याशांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे कुत्रे पाळले आणि बर्फात हरवलेले वाटसरू शोधायला वापरले. त्यांतला बॅरी हा १८०० ते १८१४ या काळातला. चाळीसहून अधिक माणसं त्याने वाचवली असं सांगतात. त्याचा पेंढा भरलेला देह आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. हा बॅरी आखूड केसांचा, चाळीस-पंचेचाळीस किलोंचा, चपळ कुत्रा होता. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप लँडसियर या इंग्रज चित्रकाराने १८२० च्या एका चित्रात काढलं आणि तेच जगाच्या डोक्यात बसलं. पुढे १८३० च्या सुमारास कुत्र्यांची पैदास कमी पडली म्हणून संन्याशांनी न्यूफाउंडलंड जातीशी संकर केला. पिल्लं लांब केसांची निपजली, त्या केसांना बर्फाचे गोळे चिकटून कुत्रे जड होऊ लागले. संन्याशांनी काय केलं? लांब केसांची पिल्लं खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली. आणि तोच झुबकेदार कुत्रा दरीतल्या लोकांनी वाढवला, आणखी अवजड केला आणि जगभर विकला.

म्हणजे बर्फातसुद्धा निरुपयोगी ठरलेलं अंगरखं घालून आलेला हा कुत्रा आपण नागपूरला पंचेचाळीस अंशांत ठेवतो! कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो. बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. कोकणच्या दमट हवेत तर ती युक्तीही नीट चालत नाही. 'आम्ही त्याला एसीत ठेवतो' असं अभिमानाने सांगणारे भेटतात. वीज गेली की काय करता, असं मी विचारलं की विषय बदलतो. सायबेरियन हस्कीलाही हेच लागू.

लॅब्रॅडोर हा मूळचा कोळ्यांचा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर मासेमार याच्याकडून थंडगार पाण्यातून जाळ्याच्या दोऱ्या आणि निसटलेले मासे काढून आणवत. तिथून तो इंग्लंड-स्कॉटलंडच्या लॉर्डांकडे गेला, पाडलेले बदक न चावता आणून द्यायला शिकला, आणि १९०३ मध्ये केनेल क्लबने त्याला जात म्हणून मान्यता दिली. माणसाच्या हातात काहीतरी आणून देणं हेच त्याच्या घराण्याचं काम, म्हणून तो मुलाबाळांत रमतो आणि म्हणूनच घरातल्या चपला जागेवर राहत नाहीत. मुंबईकरांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी 'झंजीर' या पोलिसांच्या लॅब्रॅडोरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलं. २००० साली आठव्या वर्षी तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला.

पहिल्यांदाच मोठा कुत्रा पाळणाऱ्या चौकोनी कुटुंबाला मी बहुधा हेच घराणं सुचवतो, पण एका सूचनेसह. हा कुत्रा कधीही 'पुरे' म्हणत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडोरांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. तेव्हा आजीने दिलेली एक पोळी, आजोबांचं बिस्किट आणि शेजाऱ्यांचं शिल्लक राहिलेलं श्रीखंड, असं चाललं की चौथ्या वर्षी त्याचं पिंप होतं. ज्या घरात 'नको' म्हणणारं एक तरी माणूस आहे, तिथे तो सुखाने राहतो.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग आपला देशी कुत्रा घ्यावा. हवा मानवते, खर्च कमी. हे मी स्वतः एकदा म्हटलेलं आहे, आणि पस्तावलो आहे.

कारवानी कुत्रा आपल्या दख्खनचा. सांगली-सोलापूरकडच्या माळरानांवर आणि सीमेपलीकडे कर्नाटकात तो दिसतो. उत्तरेकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर आला म्हणून कारवानी, असं म्हणतात. त्याचंच दुसरं नाव मुधोळ. एक केनेल क्लब त्याला कॅरव्हान हाउंड म्हणतो, दुसरा मुधोळ हाउंड, आणि कानाशेपटीला रेशमी झालर असलेल्याला गावाकडे पश्मी म्हणतात. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान. शहाजीराजांना कैद करणाऱ्या बाजी घोरपड्यांचं तेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी गावोगावच्या शिकारी लोकांकडचे चांगले कुत्रे हेरून त्यांची नीट पैदास केली, आणि पाचव्या जॉर्ज बादशहाला त्यांतली एक जोडी नजर केली, अशी मुधोळची आठवण आहे. आता मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतल्यावर चौकशांना ऊत आला.

माझी गोष्ट त्याच्या खूप आधीची, १९८७ सालची. मी पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. जत तालुक्यातला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीहून येताना पिशवीतून पिल्लू घेऊन आला. "सर, घरचं आहे. वडिलांनी तुमच्यासाठी म्हणून काढून ठेवलं." लांबुडकं तोंड, काडीसारखे पाय. मी त्याचं नाव बाण ठेवलं. इतिहासाचा मास्तर, परदेशी कुत्र्यांचं वेड हे गुलामगिरीचं लक्षण आहे, असं एक व्याख्यान मी घरातल्या घरात देऊन टाकलं.

सहा महिने सगळं छान चाललं. कारवानी कमी खातो, भुंकतो कमी, अंगाला वास येत नाही. वर्षाच्या आत तो खांद्याशी सव्वादोन फुटांच्या वर गेला, वजन मात्र पंचवीस किलोंच्या आत. बाहेरचा माणूस हात लावायला गेला की अंग चोरायचा. पण घराण्याचं काम हळूहळू वर आलं. हे कुत्रे नाकाने शिकार करीत नाहीत, डोळ्यांनी करतात. दूर काही हललं की त्यांना दिसतं, आणि दिसलं की ते सुटतात. त्या क्षणी त्यांना हाक ऐकू येत नाही. हा अडाणीपणा नाही. उघड्या माळावर ससा नजरेआड व्हायच्या आत गाठायचा, तर धन्याच्या हाकेची वाट बघून चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असेच कुत्रे निवडले गेले. मी त्याला रोज संध्याकाळी साखळी लावून सारसबागेभोवती एक फेरी मारायचो आणि मोठं कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी यायचो. रात्री तो गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहायचा. नखांचा टकटक आवाज ऐकत आई म्हणायची, "अरे, याला झोप कशी ती नाहीच का?"

एके दिवशी जिन्याच्या तळाशी साखळी हातातून सुटली. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मांजर तुळशीकट्ट्यावर बसलं होतं, ते उठून चालायला लागलं. दहा पावलंही गेलं नसेल. मी ओरडलो तोवर सगळं संपलं होतं.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. पदरात मांजर घेऊन त्या दोन जिने चढून आल्या आणि आमच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. त्या गेल्यावर मी बाणला चपलेने मारलं. कुत्र्यावर हात टाकला तो आयुष्यात तेवढाच. त्याला कशासाठी मारतोय हे त्याला कळलं नसावं; त्याने आपलं काम केलं होतं, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. तो भिंतीला चिकटून माझ्याकडे बघत राहिला.

पंधरा दिवसांनी एका मित्राची जीप मागून त्याला जतकडे परत नेलं. विद्यार्थ्याचे वडील शेतावर होते. त्यांनी बाणच्या मांडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याला पळायला कुठं नेत हुता, मास्तर?" मी सारसबागेचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पट्ट्यातून साखळी सोडवली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही घेऊन जावा." बाण क्षणभर तसाच उभा राहिला, मग माळाकडे तोंड करून निघाला. त्याला तसं पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं. चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटलेले दिसायचे. मला आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. दीड वर्ष आपण याला काय करायला लावत होतो, याची लाज वाटली.

तेव्हापासून मोठा कुत्रा हवा म्हणणाऱ्याला मी आधी घराविषयी विचारतो. दुपारी घरात कोण असतं? जिना किती? म्हातारं माणूस किंवा रांगतं मूल आहे का, कारण प्रेमाने अंगावर आलेले चाळीस किलोही आजीला पाडतात. पावसाळ्यात फिरवायला कोण नेणार? आणि मोठा म्हणजे तुम्हाला किती मोठा हवा? राखणीसाठी म्हणत असाल, तर गल्लीतल्या गावठी कुत्रीचं धिप्पाड पिल्लूही अनोळखी पाऊल ओळखतं, आणि त्याच्या घराण्याचं काम माणसांच्या वस्तीला धरून राहणं एवढंच आहे. माझ्याकडे सध्या तसलीच एक आहे. बावीस किलोंची. कुरिअरवाल्याला ती पुरेशी मोठी वाटते.

तरीही एखादं घराणं मनात भरलंच, तर पिल्लाच्या आईला पाहिल्याशिवाय घेऊ नका. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून तर नकोच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे, हेही ध्यानात ठेवा. आणि पाहायला जायचं ते दिवाळीच्या गार सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळेच कुत्रे ताजेतवाने दिसतात. मे महिन्यात जा, दुपारी दोन वाजता, आणि ती आई कशी निजली आहे ते अर्धा तास बसून बघा.